लगाम धरून

लंडनमधल्या हाउन्सलोच्या बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तशी स्वरालीने हेडफोन काढले. घोडदळाच्या एका रेजिमेंटचं म्युझियम बघून एक आजी-आजोबा परतत होते.

"हदासा, माझ्या आजोबांचं घोडदळ स्वयंसेवकांचं. प्रत्येकाने घरचाच घोडा न्यायचा."

"वाचलं ना मी. सरहद्दीवर त्यांचा घोडा लंगडा झाला, तरी त्यांनी गोळी घालू दिली नाही. लगाम धरून चालत छावणीत आणला."

"पुढे घोड्यावर बसलेच नाहीत."

"म्हणून तुम्ही आपल्या वरातीत पायी आलात? आणि मी तुम्हाला जन्मभर भित्रे म्हणत राहिले."

"मला तरी कुठे ठाऊक होतं? बाबा म्हणाले, आपल्याकडे नवरदेव चालतो."

"मग आता लिऑरच्या लग्नात?"

"नातूही पायीच चालेल."

"चालू दे. पण शेजारी घोडा हवा. लगाम लिऑरच्या हातात."