स्प्रिंगनं जोडलेले दोन स्ट्रायकर

फिल्टर कापी निवते आहे, घ्या आधी, मग सांगतो. बायकोचं वर्षश्राद्ध इथं तंजावुरात, तिच्या घरात व्हावं, एवढंच मला हवं होतं. मुलगा चेन्नईत इंजिनियर. तो म्हणाला, "अप्पा, तुम्हीच या इकडे."

नात मीनाक्षी, माझ्या लेकीची लेक, कॉलेजात फिजिक्स शिकते. त्या दिवशी तिनं कॅरमबोर्डवर पावडर टाकली, दोन स्ट्रायकर स्प्रिंगनं जोडले, ताणून सोडले. दोन्ही जवळ आले, लांब गेले, पुन्हा जवळ आले.

"कोण कोणाकडे जातं गं?" मी विचारलं.

"दोघंही, आजोबा. सारखेच."

मला इतकं बरं वाटलं, म्हटलं, "लाव मामाला फोन. हेच सांग त्याला."

तिनं सांगितलं. मामा मोठ्यानं हसला. "बरोबर आहे, पोरी. आता एक स्ट्रायकर काढ आणि तिथं आजीचा खलबत्ता बांध. मग बघ कोण हलतं ते."

फोन स्पीकरवर होता. मीनाक्षीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"ऐकताय ना, अप्पा?" तो समजावू लागला. "माझं ऑफिस, पोरांच्या परीक्षा, हिची नोकरी. एवढं सगळं हलवायचं कसं? तुम्ही काय, एकटा जीव."

मी रागावलो नाही हो. एवढा शिकलेला मुलगा, हिशोब चुकीचा कसा सांगेल? मी फक्त विचारलं, "गाडीत खालचा बर्थ मिळेल का रे?"