देवाच्या पाटाखालचा डबा

…अन् वरून मलाच विचारती, "मंग मी काय वाईट केलं?" आता तुम्हीच सांगा, आईला काय उत्तर द्यावं माणसानं? हात लावू नका. तीन शब्द. डब्यावर ठळक लिहिल्ते. आमच्या घरात बिस्किटाच्या पुड्यावरची तारीखसुद्धा वाचतेत, तुम्हाला सांगतो, पण हे न्हाई!

मला जुन्या नाण्याचा नाद हाये. दिवसभर एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये गंज बघायचा, अन् घरी आलं की आपली अकरा नाणी बघत बसायचं. त्यातलं एक आमच्या बापाचं, रायभानबाबाचं. निजामाच्या काळातला हाली रुपया, चारमिनारवाला. किती अडचणी आल्या, बापानं तो मोडला न्हाई. त्याच्यावर असा निळसर काळा रंग चढल्ता… अन् तो मळ न्हाई बरं का, ते नाण्याचं वय हाये. संभाजीनगरचे बद्रीनाथ सर नाण्याचं प्रदर्शन भरवतेत, त्यांनी फोनवर बजावल्तं, "रामेश्वर, चिंच न्हाई, लिंबू न्हाई, राख न्हाई, फडक्यानं पुसायचंबी न्हाई. घासलं की संपलं. रविवारी येतो न्यायला. तुमच्या वडिलांचा रुपया मधल्या काचेच्या पेटीत, अन् खाली त्यांचं नाव." बापाचं नाव हो! रेशनकार्डाशिवाय कुठं छापलं न्हाई कधी त्या माणसाचं नाव. फोन ठेवला अन् डोळ्यात पाणीच आलं माझ्या.

मंग नाण्याचा डबा ठेवायचा कुठं? कपाटात ठेवला तर बायको आवराआवर करती. ट्रंकेत ठेवला तर आमची लेक छकुली तिच्या लग्नाच्या साड्या ठेवून राह्यली. मी डोकं लावलं. देव्हाऱ्यात, बराबर देवाच्या पाटाखाली! तिथं बिनआंघोळीचं कोणी फिरकत न्हाई. वरून लिहिलं, हात लावू नका. लई हुशार समजलो मी सोताला.

आता छकुलीचं लग्न म्हणल्यावर आमच्यात आधी देव उजळून आणतेत. खंडोबा, बिरोबा, सगळे चांदीचे टाक आष्टीला सोनाराकडं न्यायचे, लखलखीत करून आणायचे. मी ड्यूटीवर गेल्तो. इकडं आईनं पाट उचलला, डबा उघडून नाणी बघितली. "अगं माय, हे तर देवापेक्षा काळे झाले!" टाकले सगळे पिशवीत, अन् गेली की आष्टीला. सोनारानं तेजाबात बुडवले, ब्रशनं घासले, मशीनवर चमकवले… अन् आई कौतुकानं सांगती, "तुह्या बापाचा रुपया म्हणून त्याला दोनदा घासायला लावला."

दोनदा!

रविवारी सर आले. भिंगातून बघत बसले. चारमिनारचे मिनार गुळगुळीत, अक्षरं अर्धी गेलेली. सर लई सभ्य माणूस, हळूच म्हणले, "रामेश्वर, हे कालच टाकसाळीत पाडल्यासारखं दिसतंय. पेटीत न्हाई ठेवता येणार." चहा घेतला अन् गेले. मला जेवणच गेलं न्हाई त्या दिवशी.

आईला म्हणलं, "बापाचं नाव छापून येणार होतं, कळतं का तुला?" तर म्हणती कशी, "नाव घ्यायला छापावंच लागतं का रे? मी रोज घेती." अन् बघतो तर काय, रुपया पाटावर मधोमध, खंडोबाच्या शेजारी. म्हणे, देवासंगं उजळला, आता त्याला खाली डब्यात कसं घालायचं?

आता रोज त्याला पाणी, दूध, हळद, कुंकू… सरांच्या 'न्हाई'च्या यादीत जे जे राह्यलं ते सगळं.

काल मिलमधून आलो, घामाघूम. म्हणलं, बापाचा रुपया हातात घेऊन बघावा जरा. देव्हाऱ्याकडं हात नेला, तोच चुलीपासून आईचा आवाज आला,

"आंघोळ झाली का? न्हाई ना? मंग हात लावू नको."