गाडीच्या शिट्टीवरची गोळी

जालन्याच्या दवाखान्यात सोनोग्राफीला नंबर लावून भावना आपली नवी फाइल पदराखाली दाबून बसली होती. पुढच्या बाकावर परतूरची एक म्हातारी आणि तिची भाची बोलत होत्या.

"मावशे, डॉक्टर काय म्हनले?"

"लिव्हरला कॅन्सरची गाठ हाय, पण लहान हाय. एचआयव्ही गोळ्यांनी दबून राह्यला, म्हनून इलाज बाकीच्यांवानीच बराबर करू म्हनले. न्हाईतर दुखणं जल्दी हाताबाहेर गेलं असतं."

"बारा वर्षांत एकबी गोळी चुकली न्हाई?"

"बिलकुल न्हाई. संध्याकाळच्या गाडीनं शिट्टी दिली, की घ्यायची."

"अन् लॉकडाऊनमधी गाड्या बंद होत्या, तवा?"

"तवा त्याच टायमाला रिकाम्या रुळाकडं बघून घेतली."

भावनानं एचआयव्हीच्या गोळ्यांची ती नवी फाइल पदराबाहेर काढली.

"मावशी, ती गाडी किती वाजता येते?"