कानजीची मोजणी

कानजी सुटल्याचं कळताच त्याची बहीण जमकू सासरहून आली. सकाळी डेअरीच्या रांगेत उभी राहिली, तर पुढच्या दोघींच्या तोंडी भावाचंच नाव.

“पहाटे अंगणात ताठ उभा असतो म्हणे?”

“नऊ वर्षं तुरुंगात रोज मोजलाय त्याला. कुणी मोजल्याशिवाय चहाला शिवत नाही मेला.”

“मग गं, रळियातबेन?”

“मग मीच कुंपणावरून ओरडते, ‘एक!’ तो म्हणतो, ‘हजर!’”

“आणि तू सुरतेला गेलीस तेव्हा?”

“सरपंचाला जुंपलं.”

“बाई गं!”

“काल तापानं उठलेच नाही. तर हाच कुंपणावरून बोंबलतोय, ‘रळियातबेन, एक माणूस कमी भरतंय!’”

“मग?”

“गोधडीतूनच ओरडले, ‘हजर!’ तेव्हा कुठे चहा प्यायला.”