मूळ की फुलाची दांडी?

फुलं बघताय ना, मग आधी शेजारच्या आक्कांचं ऐका. माझे यजमान वारल्यापासून त्यांचं हे ऑर्किड फुललंच नव्हतं. मध्यंतरी पानाखालून हिरवा कोंब डोकावला, तर मुरगूडच्या आमच्या आक्का मोठी कुंडी आणि शेणखत घेऊन हजर.

“वैनी, मूळ भायेर आलंय. कुंडी बदला की!”

“आक्का, मुळाचं टोक गोल असतं. हे चपटं आहे, फुलाची दांडी आहे. आत्ता हलवलं तर कळ्या गळतील.”

“मूळच हाय ते! मी काय आज झाडं बघतोय व्हय?”

मी कुंडी उचलून आत नेली.

काल पाच फुलं उमलली. आक्कांना मुद्दाम हाक मारली. त्यांनी वाकून दांडी निरखली.

“मूळच हाय,” त्या म्हणाल्या, “जरा फुललंय, एवढंच.”