वेंधळी आहे, बाकी काही नाही

...आणि वर त्या डॉक्टरीणबाई मलाच विचारतात, "काका, ही लहानपणी कशी होती?" आता कशी होती म्हणजे काय? लहान होती! छत्तीस वर्षांची लेक शेजारच्या खुर्चीत बसलेली, आणि मी तिच्या बालपणाची साक्ष द्यायला गेलेलो, तेही इस्त्रीचा शर्ट घालून. तिची आई आता नाही, म्हणजे साक्षीदार उरलो मी एकटा. मी सरळ सांगून टाकलं, "वेंधळी आहे, बाकी काही नाही." संपलं, चला घरी. पण संपतंय कसलं...

मुळात हे सुरू झालं दातांवरून. थांबा, सांगतो. आमची लेक कवळ्या बनवते. म्हणजे दातांचे डॉक्टर पेशंटचं माप घेतात, ते हिच्या कारखान्यात येतं आणि ही एकेक दात बसवून अख्खं तोंड उभं करते. हात असा, तुम्हाला सांगतो, की कवळी बशीत ठेवली तरी वाटावं, आता ही बोलणार. पण एकदा दाताच्या वळणात घुसली की जेवण नाही, फोन नाही, जग बुडालं तरी हिला पत्ता नाही. आणि वळण साधलं की पुढचं सगळं वाऱ्यावर! तर हिने काय केलं, एका निवृत्त न्यायाधीशांची कवळी पाठवली गाण्याच्या बाईंना, आणि बाईंची न्यायाधीशांना. बाई 'सा' लावायला गेल्या तर शिट्टी वाजली. आणि न्यायाधीश... जन्मभर लोकांना गप्प बसवलेला माणूस, त्यांचंच तोंड मिटेना! मालकांनी हिला बोलावून सांगितलं, तुझ्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही, पण पुन्हा असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल.

झालं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, बाबा, मी एडीएचडीची तपासणी करून घेतेय. मला वाटलं कसली तरी पदवी असेल. म्हटलं, या वयात परीक्षा? शाब्बास! मग तिने समजावलं, की लक्ष हवं तिथे टिकत नाही, नको तिथे चिकटून बसतं, वेळेचा अंदाज येत नाही, लहानपणापासून मेंदूची ठेवणच तशी असते, आणि मोठेपणीसुद्धा तपासून घेता येतं. मी म्हटलं, अगं, याला आपल्याकडे वेंधळेपणा म्हणतात, बाकी काही नाही!

पण गेलो. बाहेर बाकावर बसून तिची तयारीसुद्धा करून घेतली. ठणकावून सांग म्हटलं, सगळं वेळेवर करते, काही विसरत नाही. तर ही बघत होती भिंतीवरच्या पालीकडे.

आत डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, शाळेला वेळेवर जायची का? मी म्हटलं, रोज! मी फाटकापर्यंत सोडायचो ना, एकटी सोडली तर वाटेत मुंग्या बघत बसायची. अभ्यास? एका बैठकीत! मी फक्त शेजारी बसून ओळीवर बोट ठेवायचो. बोट उचललं की ही खिडकीबाहेर. वस्तू हरवायच्या? छे! हिची आई सगळं दोन-दोन आणायची. दोन डबे, दोन छत्र्या, दोन कंपास. एक गेलं तरी दुसरं तयार, मग हरवलं असं कसं म्हणायचं? आणि बाई लिहितायत, लिहितायत... मला वाटलं, केस आपण जिंकली!

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काका, म्हणजे इतकी वर्षं हिचं घड्याळ तुम्ही होतात, आणि आठवण हिची आई होती."

मी लेकीकडे बघितलं. ती हातांकडे बघत होती. म्हणाली, "बाबा, मी रोज सकाळी ठरवायचे, आज कुणाला बोलायची वेळ आणणार नाही. दुपारपर्यंत काहीतरी व्हायचंच. मला वाटायचं, मी मनापासून ठरवतच नसेन."

तुम्हाला सांगतो, 'वेंधळी आहे, बाकी काही नाही' हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

मग कॉम्प्युटरवर कसल्याशा चाचण्या झाल्या, आणखी एक फेरी झाली, आणि बाई म्हणाल्या, हो, आहे. मी विचारलं, बरी होईल ना? तर म्हणाल्या, ती आजारी नाही, काका. औषध आहे, शिकण्यासारख्या युक्त्या आहेत, आणि स्वतःला बोल लावणं आता बंद करायचं आहे. बाहेर येऊन लेक रडली. रडता रडता हसली. म्हणाली, "बाबा, मी आळशी नव्हते." मी म्हटलं, नव्हतीसच. आणि खिशात रुमाल शोधायला लागलो, तर तिनेच तिचा काढून दिला.

मालकांना जाऊन तिने स्वतः सांगितलं. ते आधी गोंधळले, मग म्हणाले, बरं, मी काय करायचं ते सांग. हिने यादीच दिली: टेबलावर एका वेळी एकच तोंड, प्रत्येक पेशंटचा ट्रे वेगळ्या रंगाचा, आणि कवळीचा डबा बंद करण्याआधी दुसऱ्या कुणीतरी बघायचं. मालक म्हणाले, हे तर सगळ्यांनाच लागू करतो. तेव्हापासून तिथून कुणाचे दात कुणाच्या तोंडात गेलेले नाहीत. सगळं सुरळीत झालं असं नाही हं... पहिल्या औषधाने भूकच मेली, मग बाईंनी प्रमाण बदललं. परवा गाडीची किल्ली फ्रिजमध्ये सापडली. पण ती हसत होती. आधी अशा वेळी खोलीचं दार लावून घ्यायची.

तक्रार माझी वेगळीच आहे. गेल्या रविवारी फोन आला, बाबा, अकराला येते. आता माझा इतक्या वर्षांचा हिशेब पक्का, अकरा म्हणजे एक! मी आरामात पेपर वाचला, दाढीला साबण लावला, पंचा गुंडाळला... आणि अकराच्या ठोक्याला बेल! दार उघडलं तर ही उभी, हातात फुलं, सोबत कारखान्याचे मालक, माझी ओळख करून घ्यायला! म्हणाली, "बाबा, हे काय, अजून तयार नाही?"

तिच्यावर औषध निघालं हो. आता या वयात वेळेवर आंघोळ करायची सवय मी कुठून लावून घेऊ?