दादाच्या गाडीचा खोल चेंबर

...आणि तेल पडलं कुठे? अहो, खाली ही एवढी परात ठेवली होती, बाजूला वर्तमानपत्रं पसरली होती, अख्ख्या गॅरेजची फरशी मोकळी होती, पण नाही! पडलं ते थेट माझ्या तोंडात! आता तोंड उघडं कशाला ठेवलं होतं म्हणाल, तर मी माझ्या भावाशी बोलत होतो. आणि भाऊ कुठे होता? भाऊ टेबलावर होता. बरणीत.

हसा, हसा! वहिनीनंच आणून ठेवला तिथे. रुमालानं त्याच्या राखेची बरणी पुसली, पान्यांच्या डब्याशेजारी टेकवली, आणि म्हणाली, "भावजी, त्याला जरा बघू दे. त्याच्या गाडीला कोणी हात लावला की त्याला समोर लागायचं." म्हणजे जिवंतपणी जो माणूस पन्नास वर्षं माझ्या डोक्यावर उभा राहून 'असं नाही काझ्या, गाढवा, उलटा फिरव' करत होता, तो मेल्यावरसुद्धा माझ्या डोक्यावरच! तुम्हाला सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण कोणी बघत असलं की मानेला कळतं हो!

थांबा, नीट सांगतो. ब्रूनो जिमेक, माझा थोरला भाऊ, यंदाच्या वसंतात गेला. बोलिंग खेळताना. एका चेंडूत सगळ्या पिना आडव्या केल्या, दोन्ही हात वर करून टाळ्या घेतल्या, खुर्चीत बसला, आणि संपलं. लोक टाळ्याच वाजवत होते! लोरेनवहिनी म्हणाली, "अरे, पाणी पी." आणि ग्लास पुढे धरून ती तशीच उभी... किती वेळ उभी होती कोण जाणे.

बरं, अंत्यविधीनंतरचं जेवण घरीच होतं. अख्खा मोहल्ला लोटलेला, कोबीचे रोल, बटाट्याचा लगदा, सॉसेज, जो येतोय तो एक भांडं घेऊन येतोय. तेवढ्यात दारात पार्सलवाला. "ब्रूनो जिमेक आहेत का? सही पाहिजे." आता काय सांगायचं? मी म्हटलं, "आहेत, पण उठू शकत नाहीत." केली सही. खोका उघडतो तर आत ॲल्युमिनियमचं चकचकीत, जाडजूड, खोलगट भांडं, खालच्या अंगाला माशाच्या कल्ल्यासारख्या पट्ट्या! मी ओळखलं. गिअरबॉक्सच्या तळाला बसणारा तेलाचा चेंबर! मोठा, खोल, जास्त तेल मावणारा, दादानं मरायच्या आधी मागवलेला. मी म्हणणार, म्हणणार, तोवर आमची वांडाआत्या आली, "अगं बाई, किती जड! कोणी दिलं हो?" आणि नेलं स्वयंपाकघरात, धुतलं, आणि आणलं ते पिरोगींनी, म्हणजे आमच्या बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांनी, भरून! दुःखाच्या घरात आत्याला गिअरबॉक्स समजावणार? माझ्या भावाच्या गाडीच्या चेंबरमधून आमच्या अर्ध्या टोलेडो शहरानं पिरोगी खाल्ल्या. फादर स्कालस्कींनी तर दोनदा घेतल्या. "खोल आहे नाही," म्हणाले, "संपतच नाहीत."

आता हा चेंबर हवा होता कशाला? तर ती गाडी. काळी, चार दारांची, लांबून बघाल तर बँकेतल्या मॅनेजरची वाटेल, आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरचा राक्षस. पोलीस जी गाडी पाठलागाला वापरतात ना, तिचीच साध्या कपड्यातली बहीण. पण दादाला पाठलाग करायचा नव्हता. त्याला मागे मुक्कामाची छोटी ट्रेलर जोडून वहिनीला सुपीरियर सरोवरावर न्यायचं होतं. लग्नाआधी कधीतरी कबूल केलेलं. गेल्या उन्हाळ्यात निघालेसुद्धा! अर्ध्या वाटेत गिअरबॉक्स असा तापला, असा तापला, की जळक्या टोस्टचा वास. आले परत. आल्या आल्या दादा म्हणाला, "लोरेन, तेल कमी पडतं त्याला. मोठा चेंबर बसवतो, जास्त तेल मावेल, थंड राहील, पुढच्या उन्हाळ्यात नेतोच तुला." आणि मग त्या पिना आडव्या झाल्या.

तर महिना-दीड महिना गेला असेल, वहिनीचा फोन. "भावजी, मला झोप येत नाही." मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. "नको. त्याचा जीव अडकलाय त्या भांड्यात. तुम्ही ते गाडीला बसवा. मी त्याला घेऊन सरोवरावर जाणार आहे, त्याच गाडीतून." मी म्हटलं, "वहिनी, गॅरेजवाल्याकडे देऊ, तो बसवेल." फोनवर नुसती शांतता. अशी शांतता की मी आपणहून म्हणालो, "शनिवारी दुपारी येतो."

तुम्हाला सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण त्या गॅरेजमध्ये पाऊल टाकलं, दिव्याचं बटण दाबलं, आणि रेडिओ सुरू! बेसबॉलची कॉमेंट्री! दादाला कॉमेंट्रीशिवाय पाना हातात धरता येत नसे. मी दोन पावलं मागे, थेट दाराबाहेर! मग बघतो तर त्यानं दिवा आणि रेडिओ एकाच बटणाला जोडलेला. वायर बघा वायर, कापडी चिकटपट्टी गुंडाळलेली! एवढी घाणेरडी जोडणी आमच्या घराण्यात एकच माणूस करायचा. भूत नव्हतं. पण म्हणजे नव्हतंच, असंही नाही.

गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावले, आणि गाडीखाली सरकायची ती चाकांची फळी असते ना, तिच्यावर आडवा झालो. फळीवर गादी. गादीत खड्डा. दादाच्या आकाराचा! पाठ त्याची, खांदे त्याचे, डोक्याची खळगी त्याची. मी त्याच्यापेक्षा हातभर अरुंद, तर मी त्या खड्ड्यात असा पडलो जसा मोठ्या भावाचा कोट लहानपणी अंगावर पडायचा. आणि वर गाडीचं काळं पोट. अंधार. कॉमेंट्री चालू. तेलाचा वास. मी म्हटलं, "दादा, लाज आणू नकोस हं." आणि तेवढ्यात मागचे बोल्ट सैल केल्या केल्या तो जुना चेंबर एका बाजूनं लपकन खाली झुकला, आणि... ते मी सांगितलंच. लालभडक तेल. घोटभर गिळलं असेल. बाहेर आलो तर वहिनी दारात ट्रे घेऊन उभी, माझं तोंड बघून ट्रे सोडला तिनं! तिला वाटलं रक्त. मी ओरडतोय, "तेल आहे वहिनी, तेल!" आणि कानात, शपथ सांगतो, अगदी कानात, दादाचा आवाज: 'पुढचे आधी सोडतात की मागचे, काझ्या? कुठला कोपरा शेवटी ठेवतात? शाळेत काय शिकलास?'

बरं, जुना चेंबर उतरला. त्याच्या तळाला लोहचुंबक असतं, झिजलेला लोखंडाचा चुरा धरून ठेवायला. त्यावर करडा, मऊ, बोटाला लागणारा गाळ. राखेसारखा! मी बोटानं पुसला आणि नकळत टेबलाकडे बघितलं. बरणीकडे. त्या गाडीत तीस वर्षं घासून घासून खाली बसलेलं... जाऊ दे. आणि गाळात पडलेलं एक प्लॅस्टिकचं बूच! मी हादरलो. गिअरबॉक्सच्या पोटातून बूच? काय तुटलं? कुंपणापलीकडून शेजारी गस टॉलिव्हर डोकावला. कोणाच्याही घरी काही बिघडलं की या माणसाला आधी वास येतो. "अरेरेरे," म्हणाला, "गेला. गिअरबॉक्स गेला. माझ्या मेव्हण्याच्या गाडीतून असंच निघालं होतं. गेला बिचारा." मी विचारलं, "गिअरबॉक्स?" "नाही, मेव्हणा." वहिनी ते ऐकून पांढरीफटक! मग स्पेअर पार्टच्या दुकानात फोन केला तर तिकडचा माणूस हसायला लागला. "ते कारखान्यातलं बूच आहे साहेब. तेल मोजायच्या पट्टीच्या नळीत लावलेलं असतं, जोडताना आत ढकलून देतात. पहिल्यांदा चेंबर उघडला की निघतं. काही झालेलं नाही." म्हणजे ते बूच गाडी जन्मल्यापासून तिच्या पोटात! वहिनीनं ते हातात घेतलं, एप्रननं पुसलं, खिशात टाकलं. का, ते मी विचारलं नाही.

मग नवा चेंबर. जुनं पॅकिंग नखानं खरवडून काढलं, नवा फिल्टर लावला, चेंबर वर धरला, बोल्ट आधी हातानं, मग पान्यानं, समोरासमोरचे, एकाआड एक. आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, मी हात पुढे करायचो आणि पाना तिथे असायचा! न बघता! हवा तोच पाना! मी ठेवला होता का तिथे? असेल ठेवला. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण कामभर कानात चाललेलं हो, 'हळू. आवळू नकोस एवढा, ॲल्युमिनियम आहे, पिरगळेल. हां. आता पुढचा.' इतकं छान काम मी उभ्या जन्मात केलं नव्हतं. शेवटचा बोल्ट बसला तेव्हा डोळ्यांत पाणी. तेलानं म्हणा हवं तर.

आणि इथेच घोळ झाला! गाडी खाली उतरवली, गॅरेजचं दार वर केलं, नरसाळं लावून तेल ओतलं, पट्टी बाहेर काढून बघितली. तेल पार वरपर्यंत! झालं, म्हटलं, भरलं! अहो, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी इंजिन चालू ठेवून बघायची असते! बंद गाडीत ती खोटं बोलते! हे मला ठाऊक नव्हतं का? होतं! आणि चेंबर मोठा, म्हणजे तेल जास्त लागणार, हे तर लहान पोराला कळेल! पण दुपारभर जो माणूस कानाशी बडबडत होता, तो नेमका तिथे गप्प. एक शब्द नाही. मी जरा थांबलोसुद्धा, पट्टी हातात धरून. वाट बघितली. काही नाही. तेव्हा मी पहिल्यांदा खरोखरीचा घाबरलो. भुतानं नव्हे हो. ते नाही म्हणून.

वहिनी शेजारच्या सीटवर जाऊन बसली, मांडीवर बरणी. मी किल्ली फिरवली. राक्षस उठला. आणि मग खालून आवाज सुरू झाला. "घुंऽऽऽर्र... घुंऽऽऽर्र..." वर चढायचा, अडकायचा, मग गडगडत खाली यायचा. मी गोठलो. तो आवाज मी लहानपणी एका खोलीत, एका पलंगावर, रात्र रात्र ऐकलाय. ब्रूनोदादा घोरत होता!

वहिनीनं मान मागे टेकली. तिनं डोळे मिटले. खांदे खाली आले. आणि बघता बघता, दीड महिना डोळ्याला डोळा न लागलेली ती बाई, गाडीत, दुपारची, बरणी मांडीवर, झोपली! तोंड किंचित उघडं. चेहऱ्यावरची ती ताठ दोरी सैल झालेली.

आणि मी उतरून बाहेर नरसाळं घेऊन उभा! कारण मला कळलं होतं ना तो आवाज कसला ते! तेल कमी होतं, पंप तेलाबरोबर हवा ओढत होता, आणि हवा ओढणारा पंप म्हणजे गिअरबॉक्सचं मरण. जितका वेळ दादा घोरणार तितकी गाडी झिजणार. घोरू द्यावं तर गाडी जाते, मग सरोवर राहिलं, कबूल केलेलं राहिलं. गाडी वाचवावी तर... तुम्ही सांगा हो, तुम्ही काय केलं असतं? मी नरसाळ्याशी उभा राहून म्हटलं, "दादा, माफ कर," आणि ओतलं. कोपऱ्यात त्यानंच आणून ठेवलेल्या बाटल्या होत्या. एक ओतली, घोरणं बारीक झालं. दुसरी ओतली, श्वासासारखं झालं. आणखी थोडं... आणि थांबलं. इंजिन नुसतं गुणगुणतंय. दुसऱ्यांदा मेला हो माझा भाऊ, आणि या खेपेला माझ्या हातानं.

वहिनी खडबडून जागी झाली. "का थांबवलंत?" मी म्हटलं, "वहिनी, गाडी मेली असती." तिनं मांडीवरची बरणी सावरली. म्हणाली, "हो का... तोही असाच थांबला. मध्येच."

पण चेंबर मात्र बसला, तुम्हाला सांगतो! थेंब गळला नाही! जुलैत निघालो. मी चालवायला, कारण वहिनी म्हणाली, "भावजी, वाटेत काही झालं तर?" मागे ट्रेलर, पुढे तो राक्षस. मॅकिनॉच्या पुलावर चढ, वारा, समोर नुसतं पाणी आणि आभाळ, आणि गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा जागचा हलायला तयार नाही! दादा असता तर काट्याला मिठी मारली असती. मी म्हटलं, "बघा वहिनी, थंडगार!" तिनं बघितलं, मान हलवली. डोळे लाल. रात्रभर मोटेलात जागीच होती. मग हळूच, खिडकीबाहेर बघत, म्हणते कशी, "भावजी... त्यातलं थोडं तेल काढता येईल का हो?"

तेल काढता येत नाही, नाही म्हणवत नाही. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि मग, तुम्हाला सांगतो, साठी ओलांडलेला मी, टक्क जागा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर... घोरायला लागलो! "घुंऽऽऽर्र... घुंऽऽऽर्र..." बाजूच्या ट्रकवाल्यानं वाकून बघितलं, बघू दे! जमतंय की नाही, मला काय माहीत? पण जमलं असावं. एक मैल झाला, दोन मैल झाले, वहिनीचं डोकं खिडकीला टेकलं. झोपली. आणि मी थांबावं म्हणतो, तर झोपेतच तिची कपाळाला आठी. की मी पुन्हा सुरू. पुढचं अख्खं जंगल, अख्खा किनारा, घसा पार चिरून गेला, तरी घोरतोय! आणि कुठेतरी सरोवर दिसायच्या बेताला, तिनं डोळे न उघडता माझ्या बरगडीत कोपर असं खणकन मारलं, आणि म्हणाली, "ब्रूनो, कुशीवर वळ."

आता तुम्हीच सांगा... ताशी साठ मैलांवर, मागे ट्रेलर जोडलेला असताना, मी कुशीवर कसा वळू हो?